बास मासेमारीसाठी बेटकास्टर: तीन ऋतूंच्या वापरानंतर

बास या गोड्या पाण्यातल्या शिकारी माशासाठी बेटकास्टर रील (रॉडवर बसवायचा, लाइन गुंडाळायच्या यंत्राचा एक प्रकार) घ्यावं का, असं डॅलसमधले मराठी मित्र-मैत्रिणी मला सारखं विचारतात. माझं उत्तर: जरूर घ्या. मात्र अगदी स्वस्तातलं घेऊ नका आणि दुकानदार दाखवेल ते सर्वांत महागही घेऊ नका. मी साधारण दीडशे डॉलरचं बसक्या आकाराचं, म्हणजे लो-प्रोफाइल रील घेतलं, गियर रेशो 7.3:1 (हँडलच्या एका फेऱ्यात लाइनची चकती 7.3 वेळा फिरते). सोबत सात फुटी, मीडियम-हेवी (बऱ्यापैकी ताठ), फास्ट ॲक्शनचा (टोकाशीच वाकणारा) रॉड. फेब्रुवारीपासून ही जोडी लेक फोर्क, सॅम रेबर्न आणि घराजवळच्या लेव्हिसव्हिल तलावावर वापरते आहे. कधी सुट्टीच्या दिवशी निवांत, कधी क्लबच्या स्पर्धेत. कंपनीचं नाव देत नाही, कारण या किमतीत चार-पाच कंपन्यांची रीलं जवळजवळ सारखीच आहेत. नावापेक्षा ते रील कसं लावायचं हे कळणं जास्त महत्त्वाचं.

स्पिनिंग रीलमध्ये स्पूल, म्हणजे लाइन गुंडाळलेली चकती, जागेवर स्थिर असतो आणि लाइन त्याच्या काठावरून सुटत जाते. बेटकास्टरमध्ये आमिष पुढे जाताना स्पूल स्वतः गरगर फिरतो. हवेत आमिषाचा वेग कमी झाला, समोरून वारा आला किंवा आमिष पाण्यावर टेकलं, तरी स्पूल त्याच जोरात फिरत राहतो आणि सुटलेली जास्तीची लाइन आतल्या आत गुंतते. हे टाळायला तीन गोष्टी आहेत: हँडलच्या बाजूची टेन्शनची कळ, ब्रेक आणि तुमचा अंगठा. कंपन्या पहिल्या दोन गोष्टींच्या जाहिराती करतात. खरं काम अंगठा करतो.

जुळवणी अशी करा. जे आमिष फेकणार तेच बांधा, रॉड आडवा धरा, बटण दाबून आमिष खाली सोडा. ते हळूहळू उतरेल आणि जमिनीला टेकलं की स्पूल थांबेल इतकी टेन्शनची कळ घट्ट करा. मग ब्रेक जास्तीत जास्त ठेवून फेकायला सुरुवात करा आणि हात बसेल तसा एकेक आकडा कमी करत जा. आमिष बदललं की पुन्हा पहिल्यापासून. माझ्या रीलचा ब्रेक चुंबकीय आहे: ॲल्युमिनियमचा स्पूल चुंबकाजवळ फिरला की त्यात वीजप्रवाह तयार होतो आणि तोच त्याला मागे खेचतो. सेंट्रिफ्यूगल ब्रेकमध्ये छोटे ठोकळे वेगामुळे बाहेर सरकून घासतात. दोन्ही चांगले. पण चुंबकीयची तबकडी बाहेरच्या बाजूला असते, झाकण उघडावं लागत नाही. बोटीत उभं राहून, वारा फिरला म्हणून दोन आकडे वाढवायचे असतील, तर हा फरक फार मोठा वाटतो. मी पुन्हा घेतलं तरी चुंबकीयच घेईन.

माझा पंजा लहान आहे, म्हणून हेही सांगते. जुन्या पद्धतीची गोल रीलं माझ्या मुठीत मावत नाहीत, लो-प्रोफाइल नीट मावतं. आणि उजव्या हाताने फेकत असाल तर डाव्या हँडलचं मॉडेल बघा. फेकल्यावर हात बदलावा लागत नाही. बासचा पहिला चावा पुष्कळदा आमिष पाण्यात बुडतानाच येतो, तेव्हा तो अर्धा क्षण मोलाचा असतो.

लांब फेकता येतं म्हणून बेटकास्टर घेणार असाल तर घेऊ नका. ते घ्यायचं नेमकेपणासाठी. लेक फोर्क 1980 मध्ये धरण बांधून तयार झालं तेव्हा बरीच झाडं तशीच उभी ठेवली होती. आजही पाण्यातून राखाडी खोडं वर आलेली दिसतात. बास त्या खोडांना लागूनच असतो. दोन हात अलीकडे आमिष पडलं तर तो ढुंकून बघत नाही. अंगठ्याने स्पूल हलकेच दाबत आमिष अगदी बुंध्याशी, फारसा आवाज न करता उतरवता येतं. स्पिनिंग रीलवर मला ते इतक्या खात्रीने कधी जमलं नाही. त्या फांद्यांत टेक्सस रिगला पर्याय नाही: पुढे बंदुकीच्या गोळीच्या आकाराचं वजन, मागे प्लास्टिकचा किडा आणि गळाचं टोक किड्याच्या अंगातच खुपसलेलं, म्हणजे लाकडाला अडकत नाही. प्लास्टिकचा हा किडा निक क्रीम यांनी 1949 मध्ये ओहायोतल्या ॲक्रनमध्ये बनवला. पुढे त्यांचा कारखाना टायलरला आला. टायलर फोर्कच्या जवळच आहे आणि मला या गोष्टीचं अप्रूप वाटतं.

हलकी आमिषं मात्र या जोडीवर नकोत. पाव औंसाच्या खाली रॉड वाकतच नाही आणि मग गुंता ठरलेला. पाच इंची सेंको (काडीसारखा प्लास्टिकचा किडा) चालतो, कारण त्याच्या प्लास्टिकमध्ये मीठ भरलेलं असल्याने वेगळं वजन न लावताही तो जड असतो. त्याहून हलक्या कामाला जुना स्पिनिंग रॉड ठेवा, विकू नका.

लाइनबद्दल माझं मत पक्कं झालं आहे. झाडांत 15 पौंडी फ्लुरोकार्बन (पारदर्शक प्लास्टिकची लाइन), पाणगवतात 50 पौंडी ब्रेड, म्हणजे विणलेली लाइन. ब्रेड भरताना खाली थोडी मोनो (साधी नायलॉनची) लाइन गुंडाळा, नाहीतर मासा ओढायला लागला की संपूर्ण ब्रेड स्पूलवर घसरते. फ्लुरोकार्बन उन्हात तापलेल्या गाडीत ठेवू नका. टेक्ससच्या जुलैत तिला वेटोळ्यांची सवय लागते आणि मग ती स्पूलवरून स्प्रिंगसारखी उडते.

आता तक्रार. रील तीन ऋतूंत एकदाही रुसलं नाही, रॉडने त्रास दिला. ऑगस्टमध्ये टोकाच्या गाइडमधली, म्हणजे लाइन ज्यातून जाते त्या वळ्यातली, सिरॅमिकची कडी निघाली आणि उघड्या धातूवर लाइन घासून तुटत राहिली. वॉरंटीत नवीन रॉड मिळाला, पण पाठवण्याचा खर्च माझा आणि त्यात जवळजवळ महिना गेला. तेव्हापासून दर खेपेआधी मी प्रत्येक गाइडमधून कापसाची काडी फिरवते. कापसाचे तंतू अडकले की तिथे चीर आहे असं समजायचं. दुकानात रॉड निवडतानाही हे करून बघा, कोणी काही म्हणत नाही.

निवांत मासेमारीला गेल्यावर रीलची परीक्षा होत नाही. फोर्कवर 16 ते 24 इंचांच्या मधला प्रत्येक बास सोडावाच लागतो, आणि 24 इंच किंवा त्याहून मोठा दिवसाला एकच ठेवता येतो. वाढीला लागलेले मासे वाचावेत म्हणून हा नियम आहे, आणि तो उपयोगी पडलेला दिसतो. टेक्सासचा विक्रमी बास, 18.18 पौंडांचा, 1992 मध्ये याच तलावात मिळाला. तेरा पौंडांवरचे मासे राज्याच्या शेअरलंकर या पैदास उपक्रमाला द्यायची प्रथाही 1986 मध्ये फोर्कच्याच माशापासून सुरू झाली. त्या मादीचं नाव एथेल ठेवलं होतं. माझे बाबा देवगडचे, जेटीवर बसून गरवण्यात त्यांचं आयुष्य गेलं. मी फोनवर मोठा मासा सोडल्याचं सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "सोडलंस? मगे धरलंस कित्याक?" त्यांचं बरोबरच आहे, त्यांच्याकडे मासा घरी येतो तो जेवणासाठी. पण खाण्यासाठी मी क्रॅपी आणि कॅटफिश आणते. मोठी बास मादी पाण्यात परत गेली की पुढच्या वसंतात पुन्हा अंडी घालते, आणि त्या तलावावर आमच्यासारखे हजारो लोक गळ टाकायला येतात. हे त्यांना समजावलं तेव्हा त्यांनी ते लगेच मानलं. पावसाळ्यात समुद्र बंद ठेवायचा हे त्यांनी लहानपणापासून पाळलेलं आहे.

स्पर्धेत सगळं बदलतं. रेबर्न हा पूर्णपणे टेक्सासच्या हद्दीत असलेला सर्वांत मोठा तलाव. वसंतातली क्लबची स्पर्धा तिथे होती. मी नॉन-बोटर, म्हणजे बोट दुसऱ्याची आणि मी मागच्या बाजूला. पुढचा माणूस बोट नेईल तिथे जायचं आणि त्याने आधीच फेकलेल्या पाण्यात आपला मासा शोधायचा. सर्वांत जड पाच मासे लाइव्हवेलमध्ये, म्हणजे बोटीतल्या पाण्याच्या टाकीत, जिवंत ठेवायचे, सहावा मिळाला की हलका सोडायचा. वेळ संपल्यावर वजनकाट्यावर उशिरा पोचलात तर गुण कापले जातात, मासा मेला तरी कापले जातात. रे स्कॉट यांनी 1967 मध्ये आर्कान्सामधल्या बीव्हर लेकवर पहिली मोठी बास स्पर्धा घेतली आणि 1972 पासून पकडलेला मासा जिवंत सोडण्याचा पायंडा पाडला. त्यामुळेच आज लाइव्हवेलची मोटर चालू आहे का हे मी माझ्या गळापेक्षा जास्त वेळा तपासते. उन्हाळ्यात आम्ही त्यात बर्फाची लादी टाकून पाणी तलावापेक्षा थोडं गार ठेवतो.

मागे उभ्या असलेल्या माणसाला समोरची चांगली जागा मिळत नाही. त्याला मिळते ती बोट पुढे सरकताना दोन खोडांमधली फट, तीही एकदाच. रीलची खरी किंमत तिथे कळते. गुंता झाला तर तो सोडवेपर्यंत बोट पुढच्या झाडापाशी पोचलेली असते. म्हणून स्पर्धेत मी ब्रेक नेहमीपेक्षा दोन आकडे जास्त ठेवते. अंतर कमी मिळालं तरी चालेल, फेकलेलं वाया जाता कामा नये. रेबर्नला माझे मोठे मासे याच पद्धतीने आले, पुढच्याने आमिष टाकलेल्या खोडाच्या दुसऱ्या अंगाला. ड्रॅग (मासा ओढताना लाइन किती सुटू द्यायची ते ठरवणारी पकड) घट्ट, गळ बसला की मासा फांद्यांत वळायच्या आत बाहेर. 7.3:1 चा वेग तिथे उपयोगी पडला. मासा बोटीकडे पळत आला तरी लाइन सैल झाली नाही.

फॉरवर्ड-फेसिंग सोनार घ्यावा का, हेही विचारतात. गार्मिनचा लाइव्हस्कोप 2018 मध्ये आला आणि बोटीसमोरचा मासा पडद्यावर हलताना दिसू लागला. आता मोठ्या स्पर्धांनी त्याच्यावर मर्यादा घालायला सुरुवात केली आहे. माझ्या मते नवशिक्याने ते पैसे राखून ठेवावेत. मासा दिसला तरी आमिष त्याच्या तोंडापाशी पोचवणारा हात आधी तयार व्हायला हवा.

महाराष्ट्रातून विचारणाऱ्यांसाठी: हीच जोडी मरळीला उत्तम. वनस्पतींनी भरलेल्या तळ्यात, ब्रेड लाइनवर रबरी बेडूक फेकायला बेटकास्टरसारखं दुसरं नाही. खाडीत जिताड्यासाठी वापरणार असाल तर खाऱ्या पाण्यात चालेल असं लिहिलेलंच रील घ्या. माझ्या रीलचे बेअरिंग मिठाने लवकर गंजतील.

देखभाल थोडी आहे. घरी आल्यावर ड्रॅग सैल करायचा, ओल्या फडक्याने पुसायचं, लाइन डावी-उजवीकडे नेणाऱ्या आट्यांतली धूळ जुन्या टूथब्रशने काढून तेलाचा एक थेंब. जास्त तेल घातलं तर त्यात धूळ चिकटते.

या जोडीवर एक काम नीट होत नाही: क्रँकबेट, म्हणजे ओढला की पाण्यात बुडी मारणारा टणक नकली मासा. रॉड ताठ असल्याने मासा तोंड झटकतो आणि तिहेरी गळ निसटतात. त्याला मऊ, मॉडरेट ॲक्शनचा रॉड आणि हळू रील लागतं. ताकाहिरो ओमोरी 2004 चा बासमास्टर क्लासिक, ही बासची मानाची स्पर्धा, लेक वायलीवर जिंकला, तो शेवटच्या टप्प्यात क्रँकबेट फेकूनच. जपानमधून तरुणपणी आलेला, सुरुवातीला गाडीत झोपून दिवस काढलेला आणि पुढे लेक फोर्कजवळ स्थायिक झालेला हा माणूस मला फार मोठा वाटतो. तसा मऊ रॉड आणि सहाच्या आतल्या गियर रेशोचं रील मी नोव्हेंबरच्या सेलमध्ये घेणार आहे. रील याच कंपनीचं, रॉड दुसऱ्या.