‘रॅलीस’ आलं कुठून? ग्रीक आडनावांचा माग काढणाऱ्या सेवांची परीक्षा

रॅलीस हे नाव महाराष्ट्रातल्या शेतकऱ्याला कीटकनाशकाच्या डब्यावरून ओळखीचं आहे. रॅलीस इंडिया ही 1948 साली स्थापन झालेली, मुंबईत मुख्यालय असलेली आणि आज टाटा समूहात असलेली कंपनी. नाव मात्र आपल्याकडचं नाही. एजियन समुद्रातल्या खिओस बेटावरचं ‘राल्लिस’ हे ते ग्रीक आडनाव. या घराण्याच्या राल्ली ब्रदर्स पेढीने 1851 मध्ये कोलकात्यात आणि 1861 मध्ये मुंबईत कचेरी थाटली. ताग आणि कापूस हा तिचा मोठा व्यापार.

आडनावाचा उगम, अर्थ आणि प्रसार सांगणाऱ्या सेवा इंटरनेटवर भरपूर आहेत, फुकट आणि विकतच्याही. त्या तपासायला राल्लिससारखं नाव सोयीचं, कारण ते ग्रीसमध्ये तुरळक आढळतं, तरी त्याचा इतिहास चांगला नोंदलेला आहे. उत्तर माहीत असलेलं गणित घालून कॅल्क्युलेटर तपासावा, तसाच हा प्रकार.

तर आधी उत्तर. राल्लिस हे बायझंटाइन (म्हणजे कॉन्स्टँटिनोपलच्या पूर्व रोमन साम्राज्याच्या) काळातल्या ‘राऊल’ या घराण्याच्या नावाचं उत्तरकालीन रूप. राऊल हे नॉर्मन, म्हणजे मूळच्या उत्तर फ्रान्समधल्या नॉर्मंडीच्या लोकांचं नाव. 11व्या शतकात दक्षिण इटलीतले नॉर्मन सरदार बायझंटियमशी लढत होते, तसे काही जण त्याच दरबारी चाकरीलाही लागत होते. त्यांच्यापैकीच कोणापासून हे घराणं निघालं, असं इतिहासकार मानतात. पेत्रालिफास हे घराणंही याच वाटेने आलेलं. 13व्या शतकापर्यंत राऊल मंडळी सम्राटांची सोयरी झाली होती. मूळ नाव ‘राडुल्फ’, म्हणजे जर्मानिक ‘राड’ (सल्ला) आणि ‘वुल्फ’ (लांडगा). थोडक्यात, ग्रीक आडनावाचा अर्थ ग्रीक शब्दकोशात नाही. पहिली चाळणी हीच.

अर्थ सांगणारी पानं

बहुतेक पानं या चाळणीतून खालीच पडतात. त्यांची पद्धत ठरलेली असते: आडनावाचा शेवट बघायचा, प्रत्ययांच्या तक्त्याशी जुळवायचा आणि उरलेल्या भागाला ध्वनीने जवळचा दिसेल तो शब्द चिकटवायचा. प्रत्ययांचा तक्ता मुळात चुकीचा नाही. ‘-पुलोस’ पेलोपोनीजकडचा, ‘-आकिस’ क्रीटचा, ‘-आकोस’ आणि ‘-एआस’ मानीचे, ‘-आतोस’ केफालोनियाचा, ‘-इदिस’ काळ्या समुद्राकाठच्या ग्रीकांत जास्त. ‘-ओग्लू’ हा तुर्की ‘ओग्लु’, म्हणजे मुलगा. तो आशिया मायनरमधून आलेल्या निर्वासितांत भेटतो. ‘-इतिस’ आणि ‘-ओतिस’ आपल्या ‘-कर’सारखे, गाव सांगणारे. पुढे लागणारं ‘पापा-’ असेल तर पूर्वज पाद्री, ‘हात्झी-’ असेल तर यात्रा करून आलेला (शब्द ‘हाजी’च, यात्रा मात्र जेरुसलेमची).

राल्लिसला यातला एकही प्रत्यय नाही. शेवटचा ‘-इस’ हा नुसता पुल्लिंगी प्रथमा विभक्तीचा प्रत्यय, त्यातून प्रदेश कळत नाही. अशा ठिकाणी चांगल्या सेवेने गप्प बसावं. बऱ्याच सेवा गप्प बसत नाहीत आणि ‘आनंदी’, ‘शूर’ असली गुळगुळीत विशेषणं देऊन मोकळ्या होतात. अर्थाखाली जुन्यातली जुनी नोंद, तिचं शतक आणि ठिकाण दिलेलं नसेल, तर ते पान राशिभविष्याच्या शेजारी ठेवावं. पाचपैकी एक गुण, तोही प्रत्ययांच्या तक्त्यासाठी.

किती जण, कुठे: आकडे देणारे नकाशे

ही पानं दिसायला देखणी असतात. देश रंगवलेले, क्रमांक लावलेले. उपयोगही होतो, पण आकडे जसेच्या तसे उचलले तर फसगत ठरलेली. कारण ग्रीक व्याकरण.

ग्रीकमध्ये बाईचं आडनाव बहुधा पुरुषाच्या आडनावाच्या षष्ठीत असतं. पापादोपुलोसची मुलगी पापादोपुलू. राल्लिसची मुलगी राल्लि, शेवटचा ‘स’ गळतो. रोमन लिपीत ही दोन वेगळी आडनावं दिसतात आणि नकाशा त्यांना वेगवेगळी मोजतो. एकाच रूपाचा आकडा घेतला तर निम्मं कुटुंब बाहेर राहतं.

राल्लिसच्या बाबतीत गुंता आणखी एक पीळ घेतो. लंडन-मार्सेच्या व्यापारी शाखांनी आडनाव इटालियन वळणाने ‘राल्लि’ असंच लिहिलं, पुरुषांचंसुद्धा. शिवाय इटलीत स्वतंत्रपणे राल्ली आडनाव आहे. अभिनेत्री जोव्हान्ना राल्ली रोमची. म्हणजे अथेन्समधली ‘राल्लि’ ही बहुधा बाई, लंडनमधला ‘राल्लि’ खिओसच्या घराण्यातला पुरुषही असू शकतो, आणि रोममधल्या राल्लीला ग्रीक धरायला काहीच आधार नाही. नकाशा तिघांना एकाच रंगात रंगवतो. सिंध-राजस्थानकडच्या ठिगळांच्या गोधडीलाही ‘रल्ली’ म्हणतात. तिचा या घराण्याशी संबंध नाही, पण शोधयंत्राला तेवढा पाचपोच नसतो.

योग्य वापर असा. ग्रीस आणि सायप्रससाठी पुरुष-स्त्री दोन्ही रूपांची बेरीज करावी. अमेरिका, ब्रिटन, ऑस्ट्रेलियासाठी तशी बेरीज चालत नाही, कारण तिथे स्थायिक ग्रीकांच्या मुली बहुधा वडिलांचंच रूप लावतात. एकूण लोकसंख्येचा अंदाज ही पानं टेलिफोन डिरेक्टरी, मतदारयादी अशा अपुऱ्या नमुन्यांवरून काढतात. एखाद्या देशापुढे दोन-चार माणसं दाखवली असतील, तर त्या आकड्याला काही अर्थ नाही. ते टंकलेखनाची चूकही असू शकतात.

ग्रीसपुरतं बघायचं तर देशाची टेलिफोन डिरेक्टरी, 11888 ही सेवा, या नकाशांपेक्षा सरस. गावनिहाय शोधता येतं आणि एखादं आडनाव कुठे दाटीने आहे ते पटकन कळतं. उणीव एवढीच की लँडलाइन घराघरांतून जात आहेत आणि जोडणी बहुधा एकाच व्यक्तीच्या नावावर असते. माणसं मोजायला नको, पण गाव हेरायला उत्तम. पाचपैकी साडेतीन.

अक्षरं आधी, शोध नंतर

कुठलीही सेवा वापरण्याआधी ग्रीक अक्षरं कागदावर लिहून घ्यावीत: रो, आल्फा, लाम्दा, लाम्दा, इता, सिग्मा. उगीच सांगत नाही. आधुनिक ग्रीकमध्ये ‘इ’ हा एकच उच्चार इता, योता, इप्सिलोन आणि काही जोडस्वरांनी लिहिला जातो, आणि जोड लाम्दा एकट्यासारखाच ऐकू येतो. कानावर विसंबून लिहिलं की चूक झालीच.

रोमन लिपीत आजच्या पासपोर्टवर चालणारी पद्धत आयएसओ 843 या मानकाची. तिच्यात इताचा ‘आय’ होतो. जुने अभ्यासक मात्र इताला ‘ई’ लिहितात. म्हणून बायझंटाइन विषयावरच्या ग्रंथांत हेच नाव ‘राल्लेस’ असं सापडतं. स्त्रियांसाठी त्या काळात आणखी वेगळं रूप होतं. सम्राट आठव्या मायकेलची भाची थिओदोरा ही ‘राऊलाइना’. ग्रंथसंग्रह करणारी, स्वतः हस्तलिखितांच्या नकला करणारी ही विदुषी 1300 साली वारली. ‘राल्लिस’ एवढंच टाइप करून ती सापडणार नाही. राल्लिस, राल्लेस, राल्लि, राऊल, राऊलाइना असा पाच रूपांचा शोध करावाच लागतो. फुकटच्या आडनाव-पानांपैकी हे आपणहून सुचवणारं पान विरळा.

दुसऱ्या नावावरही हेच खरं. ‘गालानोस’ म्हणजे निळसर किंवा निळ्या डोळ्यांचा. अर्थ सरळ, ग्रीकच. त्याचं स्त्रीरूप ‘गालानू’. पण ‘गालानिस’ हे वेगळं आडनाव आहे आणि त्याचं स्त्रीरूप ‘गालानी’. दोन्हींची खिचडी करणारी पानं सर्रास दिसतात. गालानोस आपल्याला परका नाही. अथेन्सचा दिमित्रिओस गालानोस 1786 मध्ये कोलकात्यातल्या ग्रीक व्यापाऱ्यांच्या मुलांना शिकवायला आला, पुढे काशीला राहिला, संस्कृत ग्रंथ ग्रीकमध्ये आणले आणि 1833 मध्ये तिथेच वारला.

फॅमिलीसर्च आणि न्यूयॉर्कच्या याद्या

फॅमिलीसर्च हे वंशावळी शोधण्याचं संकेतस्थळ मोफत आहे, फक्त खातं उघडावं लागतं. ग्रीसच्या काही नोंदींच्या प्रतिमा तिथे आहेत, पण नावाच्या खिडकीत शोधून हाती काही लागलं नाही म्हणून नोंद नाहीच असं समजू नये. सूचीत न घेतलेल्या प्रतिमा गावाच्या नावाने उघडून पानं उलटावी लागतात. काही प्रतिमा घरून उघडत नाहीत, संस्थेच्या केंद्रात जाऊन बघाव्या लागतात. हस्ताक्षरातली ग्रीक वाचता येत नसेल तर इथे अडायला होतं. वाचता येत असेल तर फुकटात याहून चांगलं काही नाही. पाचपैकी चार.

न्यूयॉर्क बंदरातल्या प्रवाशांच्या याद्या एलिस आयलंडच्या (तिथे स्थलांतरितांची तपासणी व्हायची) प्रतिष्ठानाकडे मोफत शोधता येतात. इथे एक युक्ती लक्षात ठेवण्यासारखी. 1907 पासूनच्या याद्यांत मायदेशातल्या जवळच्या नातेवाइकाचं नाव-पत्ता आणि प्रवाशाचं जन्मस्थान असे रकाने आहेत. ग्रीसमधला पुढचा सगळा शोध गावावर अवलंबून असल्यामुळे याच दोन रकान्यांसाठी ही यादी बघायची. शोधनिकालावर न थांबता मूळ पानाची प्रतिमा उघडावी. यादी दोन पानांवर पसरलेली असते आणि नातेवाइकाचा रकाना उताऱ्यात अनेकदा येत नाही. आणि ‘बंदरावरच्या अधिकाऱ्याने आडनाव बदललं’ ही दंतकथा सोडून द्यावी. याद्या निघण्याच्या बंदरावर जहाज कंपन्या तयार करत. आडनावं छाटली गेली ती नंतर, बहुधा स्वतःहून.

ग्रीसमधली दफ्तरं

खरा माल इथे आहे, पण इथेच सर्वांत जास्त अडखळायला होतं. 1914 साली स्थापन झालेलं राज्य अभिलेखागार, त्याच्या जिल्हा शाखा, आणि नगरपालिकांकडची कुटुंबपत्रकं व ‘मित्रोओ आर्रेनोन’, म्हणजे लष्करभरतीसाठी ठेवलेली पुरुषांची नोंदवही. तिच्यात नाव, वडिलांचं नाव आणि जन्मवर्ष असतं. बायका नाहीत.

अर्ज पाठवताना चुका होतात त्या अशा. पहिली, जुन्या नगरपालिकेला पत्र जातं. 2011 पासून अंमलात आलेल्या ‘कालिक्रातिस’ फेररचनेत हजाराहून जास्त नगरपालिका-ग्रामसंस्थांच्या 325 नगरपालिका झाल्या. गाव आज कुणात मोडतं ते आधी बघावं. दुसरी, गावाचं नावच बदललेलं असतं. तुर्की, स्लाव्ह वळणाची हजारो ग्रामनामं 20व्या शतकात बदलली गेली. तिसरी, तारीख जुळत नाही. ग्रीसमध्ये 15 फेब्रुवारी 1923 नंतरचा दिवस 1 मार्च धरला गेला. त्याआधीच्या तारखा ज्युलियन, म्हणजे 20व्या शतकात 13 आणि 19व्या शतकात 12 दिवस मागे. अमेरिकेतल्या कागदाशी तेवढा फरक पडला तर माणूस वेगळा समजू नये. चौथी, वडिलांचं नाव दिलेलं नसतं. पहिल्या मुलाला आजोबांचं नाव ठेवण्याची चाल असल्यामुळे एका गावात एकाच नाव-आडनावाचे चार चुलतभाऊ सहज निघतात. पितृनामाशिवाय कारकूनही हात टेकतो.

एक गोष्ट सोयीची. 1983 च्या कौटुंबिक कायद्यापासून ग्रीसमध्ये बाईचं आडनाव लग्नाने बदलत नाही. त्यामुळे त्यानंतरच्या नोंदींत माहेरचा धागा तुटत नाही.

खिओसच्या घराण्यांसाठी अभिलेखागाराआधी फिलिप आर्जेन्ती यांनी 1955 मध्ये लंडनहून प्रसिद्ध केलेले वंशावळींचे दोन खंड बघावेत. राल्लिसांच्या शाखा त्यात मांडलेल्या आहेत. अथेन्सच्या राजकारणातले राल्लिस मात्र वेगळे तपासावेत. दिमित्रिओस, त्याचा मुलगा इओआन्निस आणि नातू यिओर्गिओस असे तिघे पंतप्रधान झाले. आडनाव एक म्हणून त्यांना लंडनच्या व्यापाऱ्यांचे सख्खे चुलतभाऊ ठरवणं ही हौशी वंशावळींतली नेहमीची चूक. भारतातल्या शाखेसाठी थॅकरच्या वार्षिक डिरेक्टऱ्या चाळाव्यात. त्यांत पेढ्यांची आणि तिथल्या माणसांची नावं छापलेली असत.

काय विकत घेऊ नये

आडनावाचं राजचिन्ह छापलेली चौकट. ग्रीसच्या राज्यघटनेत नागरिकांना सरदारकीच्या पदव्या देणं आणि मान्य करणं, दोन्हीला मनाई आहे. व्हेनिसच्या ताब्यातल्या आयोनियन बेटांवर सरदारांच्या ‘सुवर्णपोथ्या’ होत्या खऱ्या, पण त्यातलं चिन्ह विशिष्ट घराण्याचं, त्या आडनावाच्या प्रत्येकाचं नव्हे.

डीएनए चाचणीचंही तसंच, निदान या प्रश्नापुरतं. वडिलांकडून मुलाकडे जाणाऱ्या वाय गुणसूत्राची चाचणी दोन हयात राल्लिस पुरुष एकाच शाखेचे आहेत का, एवढं सांगू शकेल. नऊशे वर्षांपूर्वीचा नॉर्मन तिच्यातून सिद्ध होणार नाही. मधे एक दत्तकविधान किंवा सासऱ्याचं आडनाव घेतलेला एक जावई पुरे. बायझंटाइन घराण्यांत आईकडचं वजनदार आडनाव लावायची रीतच होती. थिओदोराचा नवरा योआनिस राऊल पेत्रालिफास, दोन्ही आडनावं एकदमच मिरवायचा.