स्टिकरवर १९० वॉट-अवर, आत आठच सेल

दोन व्ही-माउंट बॅटऱ्या (व्हिडिओ कॅमेऱ्याच्या पाठीला लागणाऱ्या मोठ्या बॅटऱ्या), प्रत्येकी ११,८०० रुपये. डी-टॅपवरून, म्हणजे बॅटरीवरच्या पॉवर सॉकेटवरून, लॅपटॉपला पॉवर देणारी केबल २,४५०. एकूण २६,०५० रुपये यूपीआयने आगाऊ गेले. ‘डेमो पीस आहे, बिल मागाहून पाठवतो’ हे विक्रेत्याचं वाक्य तुम्हीही ऐकलेलं असेल. ऐकून माहीत असूनही आम्ही पैसे पाठवले, कारण वाईजवळचं शूट चार दिवसांवर होतं, जनरेटर मिळत नव्हता आणि कॅमेऱ्याची मेमरी कार्डं कॉपी करून रिकामी करायला लॅपटॉप चालू राहणं भाग होतं.

पार्सल उघडलं तेव्हा बॅटरी हाताला हलकी लागली. तिथेच थांबायला हवं होतं! १४.८ व्होल्टला १९० वॉट-अवर (बॅटरीत साठणारी एकूण वीज) हवेत तर ३,२०० एमएएच क्षमतेचे १६ सेल लागतात: चार सेल एकापुढे एक (सिरीज), अशा चार रांगा शेजारी शेजारी (पॅरलल). अशा बॅटरीतला १८६५० मापाचा एक दंडगोल सेल साधारण ४५ ग्रॅमचा, म्हणजे नुसते सेलच ७२० ग्रॅम. ही अख्खी बॅटरी कव्हर-प्लेटसकट ६२० ग्रॅम. किराणा दुकानातल्या काट्यावरही चोरी पकडली गेली असती. हा हिशोब आम्हाला येतो, रोजचं काम आहे, आणि नेमका त्या दिवशी केला नाही.

चार्ज दाखवणाऱ्या दिव्यांवर जाऊ नका. ते फक्त व्होल्टेज बघतात, आणि पूर्ण चार्जचे १६.८ व्होल्ट लहान पॅकलाही येतात. ६० वॉट ओढणाऱ्या लोडवर १९० ची बॅटरी कन्व्हर्टरचं नुकसान धरूनही पावणेतीन तास चालायला हवी. ही ४८ मिनिटांत बसली. लॅपटॉप स्वतःच्या बॅटरीवर आला आणि कॉपी तपासून व्हायच्या आत तोही बंद पडला. नंतर उघडली तर २,००० एमएएचचे आठ सेल, जेमतेम ५९ वॉट-अवर. त्यात १६० वॉट-अवरच्या वरची बॅटरी विमानात नेता येत नाही, म्हणजे खोट्या स्टिकरमुळे तिथेही अडवणूक.

ही ४८ मिनिटंसुद्धा साउंडवाल्यांच्या केबलवर मिळाली. लॅपटॉपला २० व्होल्ट हवेत, बॅटरी १६.८ वरून १२ पर्यंत उतरते, म्हणजे केबलमध्ये व्होल्टेज चढवणारं सर्किट लागतं. आमच्या केबलमध्ये फक्त उतरवणारं होतं. वर ‘६५ वॉट’ छापलेलं, व्होल्ट दाखवणाऱ्या यूएसबी-सी मीटरवर १२ व्होल्टच्या पुढे काही नाही. पैसे देण्याआधी लोडवरचा, यूएसबी-सी मीटर दिसणारा व्हिडिओ मागाच.

पोलीस ठाण्यात उत्तर मिळालं: ‘माल मिळाला ना? मग हा दिवाणी वाद.’ ५९ ला १९० म्हणून विकणं फसवणूक नाही? भारतीय न्याय संहितेचं कलम ३१८ मग कशासाठी आहे? तीन फेऱ्या झाल्या, अर्ज टेबलावरच. ‘बॅटरी तुम्हीच उघडली’ हेही ऐकवलं गेलं. पार्सल फोडण्यापासून वजनापर्यंत सलग व्हिडिओ काढा, आणि पॅक स्वतः उघडू नका. बँकेचं म्हणणं, पिन तुम्हीच टाकला. एका सल्लागाराने तर ‘धंद्यासाठी घेतलं म्हणजे तुम्ही ग्राहकच नाही’ असं सांगून वाटेला लावलं. हे अर्धसत्य आहे. स्वयंरोजगारातून पोट भरण्यासाठी घेतलेली वस्तू २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात बसते. तसं तक्रारीत स्पष्ट लिहा.

विक्रेता गायब झाला तर त्याच तासात १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन करा. बिलाशिवाय एक रुपयाही पाठवू नका.

त्या विक्रेत्याची जाहिरात आजही चालू आहे, वेगळ्या नावाने. फोटोत डी-टॅपशेजारचा ओरखडा तोच, किंमत आता १२,५००.