पिकअप ट्रकसाठी सिरॅमिक ब्रेक पॅड : चाकावरची काळी भुकटी खरोखर कमी होते का?

पुढची अलॉय चाके धुऊन पुसून स्वच्छ करावीत आणि आठवडा उलटण्याआधीच ती पुन्हा काळवंडावीत, हा अनुभव सेमी-मेटॅलिक पॅड असलेल्या बहुतेक पिकअप ट्रकच्या मालकांना येतो. माझ्या ट्रकचे मूळ पॅड झिजत आले तेव्हा त्यांच्या जागी सिरॅमिक पॅड घेऊन ते घरीच बसवायचे मी ठरवले. पुरेसा वापर झाल्यानंतरचे माझे मत असे की भुकटी कमी होते यात शंका नाही, परंतु तिच्याबरोबर ब्रेकचा स्वभावही बदलतो आणि तो प्रत्येक ट्रकच्या कामाला मानवेलच असे नाही.

सेमी-मेटॅलिक पॅडमध्ये वजनाच्या साधारण ३० ते ६५ टक्के धातू असतो, मुख्यतः पोलादाचे तंतू आणि लोखंडाची पूड. ब्रेक दाबला की पॅडबरोबर, तो जिच्यावर घासतो ती चाकाबरोबर फिरणारी बिडाची डिस्कही झिजते, आणि या दोन्हींतून निघालेले तापलेले लोहकण चाकावर बसतात, ओलाव्याने गंजतात आणि मग साध्या साबणाला दाद देत नाहीत. सिरॅमिक पॅडमध्ये पोलादाऐवजी सिरॅमिक तंतू आणि इतर भरणद्रव्ये असतात. वापरात त्यांचा एक पातळ थर डिस्कवर जमतो आणि पुढचे बरेचसे घर्षण त्या थरावरच होत असल्यामुळे डिस्क कमी खरवडली जाते. उरलेली भुकटी फिकट करडी असते आणि चाकाला कमी चिकटते. थोडक्यात, फरक काही अंशी प्रमाणाचा आहे आणि काही अंशी रंगाचा. पांढरे फडके चाकावरून फिरवले तर आजही त्यावर करडा पट्टा उमटतो, त्यामुळे खोक्यावरचा ‘धूळमुक्त’ हा शब्द मला अतिशयोक्तीचा वाटतो. शिवाय दिसणारी भुकटी घटली म्हणजे हवेत जाणारे सूक्ष्म कणही त्याच प्रमाणात घटले, असा अर्थ काढता येत नाही. युरोपीय संघाच्या ‘युरो ७’ नियमांनी ब्रेकमधून निघणाऱ्या कणांवर प्रथमच जी मर्यादा घातली आहे, तीही प्रतिकिलोमीटर मिलिग्रॅममध्ये, म्हणजे वजनावर मोजली जाते. रंगाला तेथे स्थान नाही.

संचात दोन्ही पुढच्या चाकांचे पॅड, त्यांच्या पाठीमागच्या आवाजरोधक पट्ट्या, स्टेनलेस स्टीलच्या क्लिपा आणि ग्रीसची लहान पुडी आहे. क्लिपा जागेवर घट्ट बसल्या आणि पॅडचे कान त्यांच्यात हाताने सरकले, ही जमेची बाजू. ज्याला चाक बदलता येते आणि ज्याच्याकडे जॅक स्टँड, टॉर्क रेंच (ठरावीक जोराने नट आवळणारा पाना) व पॅड डिस्कवर दाबणारा पिस्टन मागे ढकलण्यासाठी शिकंजा आहे, त्याला हे काम जमण्यासारखे आहे; मात्र नुसत्या जॅकवर उचललेल्या ट्रकपाशी काम करू नये आणि सुटा केलेला कॅलिपर (पिस्टन आणि पॅड धरणारा भाग) ब्रेकच्या नळीवर लोंबकळू न देता तारेने बांधून ठेवावा. पिस्टन मागे जाताना टाकीतील ब्रेक ऑइलची पातळी वर येते, आणि ते सांडले तर रंग खराब करते. जुनी भुकटी हवेच्या झोताने उडवणे हा सर्वांत वाईट मार्ग. ब्रेक क्लीनरने ओली करून पुसणे योग्य.

परिणाम खरा ठरतो तो दोन गोष्टींवर, आणि संचासोबतच्या सूचनापत्रात दोन्ही जेमतेम एका ओळीत उरकल्या आहेत. पहिली म्हणजे डिस्क. तिच्यावर जुन्या पॅडचा थर असतो, आणि तो न काढता नवे पॅड बसवले तर नवा थर एकसारखा जमत नाही व पेडलला थरथर जाणवू शकते. डिस्क तिच्यावर कोरलेल्या किमान जाडीपेक्षा पातळ नसेल, तर पॉलिश पेपरने सर्व दिशांनी घासून ब्रेक क्लीनरने पुसावी. त्यानंतर मोकळ्या रस्त्यावर मध्यम वेगातून पूर्ण न थांबता काही वेळा वेग उतरवावा आणि मध्ये ब्रेक थंड होऊ द्यावेत. (ट्रक जागचा हलवण्याआधी पेडल घट्ट होईपर्यंत पंप करायचे असते, याची आठवण खोक्यावर मोठ्या अक्षरांत हवी होती.) दुसरी गोष्ट म्हणजे कॅलिपरच्या सरकत्या पिना. त्या अडकल्या असतील तर पॅड डिस्कवरून सुटत नाही, सतत घासत राहतो आणि भुकटी वाढते. म्हणून एकच चाक दुसऱ्यापेक्षा अधिक काळे होत असेल, तर पॅडचा प्रकार बदलण्याआधी पिना आणि पिस्टन तपासावेत; तेथे महागडे सिरॅमिक पॅडही लवकरच संपतील.

चालवताना आवाज स्पष्टपणे कमी झाला आणि शहरी वापरात पेडलचा प्रतिसाद एकसारखा, मवाळ वाटतो. थंड सकाळी पहिले काही ब्रेक मात्र जुन्या पॅडइतके चटकन पकडत नाहीत, पाय थोडा अधिक दाबावा लागतो. भरलेला हौदा किंवा मागे ट्रेलर घेऊन लांब उतार उतरताना मला सेमी-मेटॅलिक पॅडच अधिक भरवशाचे वाटतात, कारण सतत तापणाऱ्या ब्रेकसाठी ते अधिक सोसणारे आहेत. अनेक पॅडच्या कडेवर छापलेली दोन इंग्रजी अक्षरे घेण्यापूर्वी जरूर पाहावीत : पहिले अक्षर सर्वसाधारण तापमानातील घर्षण सांगते, दुसरे तापलेल्या अवस्थेतील. ‘एफ’ म्हणजे घर्षणांक ०.३५ ते ०.४५, ‘ई’ म्हणजे ०.२५ ते ०.३५. मूळ पॅडपेक्षा कमी घर्षणाचे अक्षर असलेला संच केवळ स्वच्छ चाकांसाठी मी घेणार नाही. या संचावर ‘एफएफ’ आहे.

रिकामा किंवा हलक्या ओझ्याने फिरणाऱ्या ट्रकसाठी मी हे पॅड पुन्हा घेईन. रोज ओझे ओढणाऱ्याने मूळ प्रकारच ठेवावा आणि चाके धुण्याचे कष्ट स्वीकारावेत. माझ्या ट्रकच्या मागच्या चाकांना ड्रम ब्रेक आहेत आणि त्यांची भुकटी बहुतांशी ड्रमच्या आतच राहते, त्यामुळे तेथे काही बदलण्याची गरज पडली नाही.