पहिली मुंबई: मुक्काम फोर्टात की दादरला?

पहिल्यांदाच मुंबई बघायला येताय आणि हातात दोनच दिवस असतील, तर मी फोर्ट-कुलाबाच सुचवेन. खोली लहान आणि महाग मिळेल, पण १९२४ सालचं गेटवे, शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय, सीएसएमटीची इमारत सगळं पायी होतं. घारापुरीची लाँचही गेटवेवरूनच सुटते. सोमवारी लेणी बंद असतात, तेवढं सांभाळा.

दादर तुलनेने स्वस्त, शिवाय पश्चिम आणि मध्य रेल्वे तिथे एकत्र येतात. पहाटेचा फूलबाजार, शिवाजी पार्क, घरच्यासारखं मराठी जेवण हवं असेल तर तिथेच उतरा. मात्र सकाळी नऊच्या सुमारास चर्चगेट किंवा सीएसएमटीकडे जाणाऱ्या लोकलमध्ये मुलंबाळं घेऊन चढू नका, खरंच. अकरानंतर निघा.