बूस्ट-फ्युएल किट, काही महिन्यांनंतर: पंप दणकट, कंट्रोलर हुशार, नळी भिकार

टर्बो गाडीत जादा हवा आणि तिच्या जोडीला जादा पेट्रोल घालणाऱ्या या किटचा आधी निकाल सांगतो, मग भांडण. पंप चांगला आहे. पेट्रोलचं प्रेशर सांभाळणारा रेग्युलेटर चांगला आहे. बूस्ट, म्हणजे टर्बोने इंजिनात दाबलेल्या हवेचं प्रेशर, आवरणारा कंट्रोलर तर वाटलं होतं त्यापेक्षा बराच चांगला निघाला. आणि तरीही कंपनीच्या ग्राहकसेवेला मी आज पुन्हा एक लांबलचक मेल पाठवलाय, कारण खोक्यातल्या सगळ्यात स्वस्त वस्तूने, रेग्युलेटरला लागणाऱ्या वीतभर व्हॅक्युम नळीने, माझं इंजिन जाळायची पूर्ण तयारी केली होती.

गाडीचे स्पेक्स थोडक्यात. दोन लिटर, चार सिलिंडर, टर्बो मूळचाच. टाकीत ताशी २५५ लिटरचा पंप, त्याला वेगळा रिले आणि जाड वायर. मोठे इंजेक्टर, ॲडजस्टेबल रेग्युलेटर, थ्री-पोर्ट सोलेनॉइडचा (विजेवर चालणारी तीन तोंडांची झडप) इलेक्ट्रॉनिक कंट्रोलर. वेस्टगेटची, म्हणजे एग्झॉस्ट टर्बोला वळसा घालून सोडत बूस्ट आवरणाऱ्या झडपेची, स्प्रिंग ०.७ बारची, बूस्टचं टार्गेट १.२. रेग्युलेटरची नळी काढून पेट्रोलचं बेस प्रेशर ३ बार. मॅप, म्हणजे ईसीयूमधलं (इंजिनाच्या कॉम्प्युटरमधलं) पेट्रोल आणि टायमिंगचं कोष्टक, ट्यूनरने केलाय आणि त्याच्या कामाबद्दल माझी एका अक्षराची तक्रार नाही. हे मुद्दाम लिहितोय, का ते पुढे येईलच.

कंट्रोलर मला नकोच होता. एक स्क्रू, आत गोळी आणि स्प्रिंग, असा साधा मॅन्युअल व्हॉल्व्ह मिळत असताना स्क्रीनसाठी पैसे कोण घालवणार? किटमध्ये आलाच म्हणून बसवला. पहिल्या आठवड्यात माझं मत पक्कं झालं की ही उधळपट्टी आहे, कारण कंपनीच्या ठरावीक सेटिंगवर बूस्ट १.२ ऐवजी सरळ १.४ ला उडी मारायचा, ईसीयू फ्युएल कट करायचा आणि गाडी अशी अडखळायची की मागून कुणी ठोकली की काय असं वाटावं. गेन, म्हणजे कंट्रोलर किती जोरात दुरुस्ती करतो ते, कमी केल्यावर ती उडी गेली. माहितीपुस्तिकेत हे दोन ओळींत लिहिता आलं असतं.

पण आता ते मत मी मागे घेतलंय. स्पूलपुरतं, म्हणजे टर्बो वेग घेऊन बूस्ट बनवतो तेवढ्यापुरतं, बोलायचं तर साधा व्हॉल्व्हही जवळपास तेवढंच देतो. दोन्हींत वेस्टगेट शेवटपर्यंत घट्ट मिटून राहतं, मूळ ॲक्च्युएटरसारखं आधीपासून किलकिलं होत नाही. फरक आहे तो क्लोज्ड लूपचा, म्हणजे बूस्ट मोजून स्वतःच दुरुस्त करत राहण्याचा. हवा थंड असो वा तापलेली, काटा १.२ वर जाऊन थांबतो. साध्या व्हॉल्व्हवर थंडीत बूस्ट चढलेला आणि उन्हाळ्यात उतरलेला मी पाहिलाय, दर ऋतूला पाना घेऊन बॉनेटखाली वाकलोय. शिवाय गिअरप्रमाणे मर्यादा ठेवता येते. पहिल्या गिअरला मी ०.८ च्या वर जाऊच देत नाही, त्यामुळे टायर जागेवर फिरत बसत नाहीत आणि ड्राइव्हशाफ्टही जगतात. स्क्रीन रात्री डोळ्यांत जाते. त्यावर काळी टेप लावलीय.

पंपाबद्दल लोक आवाजाची तक्रार करतात. आवाज आहे. टाकी कमी असली की जास्त घरघरतो. गाणी लावा. मुद्दा हा की मोठा पंप मूळ रेग्युलेटरवर टाकला तर आयडलला रिटर्न लाइनला तेवढं पेट्रोल परत नेणं झेपेलच असं नाही, प्रेशर वर राहतं आणि गाडी उगाच रिच (पेट्रोल जास्त, हवा कमी) चालते. किटमध्ये रेग्युलेटर दिलाय तो सजावटीसाठी नाही.

आता नळी. सुरुवातीचे काही महिने पूर्ण बूस्टवर वाइडबँड (एग्झॉस्टमधून मिश्रण मोजणारा सेन्सर) ११.६ दाखवायचा, म्हणजे एक भाग पेट्रोलला ११.६ भाग हवा, पाहिजे तसाच; आकडा वाढला की पेट्रोल कमी पडतंय. मग एकदा १२ दिसलं. मग १२.३. तापलेल्या इंजिनावर सलग दोन-तीनदा दाबली तर १२.७, आणि नॉक सेन्सर (इंजिनातले अवेळी स्फोट ओळखणारा) टायमिंग मागे ओढायला लागलेला. आयडल मात्र आदर्श. क्रूझवर १४.७ च्या आजूबाजूला, जसं असायला हवं तसं. घरच्यांसोबत शांतपणे फिरणाऱ्याला ही गाडी निरोगीच वाटली असती.

ग्राहकसेवेचं पहिलं उत्तर: ट्यूनिंग चुकलंय. दुसरं: वाइडबँड सेन्सर खराब आहे. सेन्सर बाहेर काढून मोकळ्या हवेत तपासला, ठीक होता. तिसरं उत्तर सगळ्यात मजेशीर. तुमच्या गाडीला हा पंप पुरत नाही, आमचा याच्या वरचा पंप घ्या, सवलत देतो. म्हणजे माल माझ्याकडे बिघडला तर उपाय काय, तर आणखी माल.

तेव्हा फ्युएल प्रेशर सेन्सर लावला आणि आरपीएम, बूस्ट, प्रेशर एकत्र लॉग केलं. ज्यांना असाच त्रास आहे त्यांनी ही ओळ नीट वाचा: पंप कमी पडत असेल तर प्रेशरची तूट आरपीएमसोबत वाढत जाते आणि रेडलाइनजवळ सगळ्यात वाईट असते, कारण पेट्रोलची मागणी तिथे जास्त. माझ्याकडे तूट सुरू होत होती ३५०० ला, बूस्ट १.२ ला पोचताक्षणी. आणि वर, जिथे हा छोटा टर्बो दमतो आणि बूस्ट उतरतो, तिथे तूट कमी होत होती! पंपाच्या टर्मिनलवर व्होल्टेज १३.६. तूट मागणीच्या मागे जात नव्हती, बूस्टच्या मागे जात होती. मग पंपाचा संबंध येतो कुठे? रेग्युलेटरपर्यंत बूस्टची खबरच पूर्ण पोचत नव्हती.

रेग्युलेटरचं काम इतकंच की इंजेक्टरच्या दोन्ही बाजूंमधला फरक कायम ३ बार ठेवायचा. मॅनिफोल्डमध्ये १.२ बार बूस्ट असेल तर रेलमध्ये (इंजेक्टरना पेट्रोल पुरवणाऱ्या नळीत) ४.२ लागतात. मला दिसत होते ३.७. म्हणजे फरक उरला २.५. इंजेक्टरचा प्रवाह या फरकाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात बदलतो, त्यामुळे पेट्रोल साधारण ९ टक्के कमी, आणि ११.६ चे बरोबर १२.७ होतात. कागदावरचा आकडा आणि गेजवरचा आकडा जुळला तेव्हा मी हसलो, खरं सांगतो. मग पुढचं गणित केलं आणि हसू गेलं: नळी पूर्ण निसटली असती तर फरक १.८ बार, पेट्रोल साडेबावीस टक्के कमी, मिश्रण १५ च्या घरात. पूर्ण बूस्टवर. पिस्टन वितळायला वेगळं काही करावं लागत नाही.

नळी काढून पाहिली. रेग्युलेटरच्या टोकाला, निपलच्या धारदार कडेवर, नखाएवढी उभी चीर. व्हॅक्युममध्ये तिच्या कडा आत ओढल्या जाऊन मिटायच्या, म्हणून आयडल स्वच्छ. बूस्टमध्ये नळी फुगली की चीर उघडायची. नळी पातळ, मऊ, चकचकीत निळी सिलिकॉन. सिलिकॉन उष्णता छान सोसतं, पण एकदा चिरलं की चीर पळत सुटते, आणि पेट्रोलच्या वाफेने फुगून ढिलं पडतं. मॅनिफोल्डला जोडलेल्या नळीत पेट्रोलची वाफ येणारच. आणि रेग्युलेटरचा डायफ्रॅम कधी फाटला तर नुसती वाफ नाही, पेट्रोलच येईल. रंगाची हौस कूलंटच्या होजवर भागवायची होती.

फोटो, लॉग, गणित, सगळं पाठवलं. उत्तर आलं की नळी ही झिजणारी वस्तू असल्याने वॉरंटीत बसत नाही. एवढा मोठा पंप, सीएनसीवर घडवलेला रेग्युलेटर, आणि कंजूषी कुठे केली तर जिच्या भरवशावर दोघांचं काम चालतं तिथे. मीही पै-पैचा हिशेब ठेवणारा माणूस आहे, पण कुठे वाचवायचं याची काही अक्कल असते की नाही! नळी मला फुकट नकोच आहे. मला हवंय ते इतकंच की त्यांनी खोक्यात दुसरी नळी घालावी आणि आधी विकलेल्यांना कळवावं. त्यावर अजून मौन.

मी लावलेली नळी जाड भिंतीची, आतून धागा असलेली, जे३० आर९ (फ्युएल होजचं एक मानक) छाप असलेली काळी फ्युएल होज आहे. दिसायला काही नाही. दोन्ही टोकांना क्लॅम्प, निपलची कड बारीक पॉलिश पेपरने मारलेली. आणि रेग्युलेटरसाठी मॅनिफोल्डवरून स्वतंत्र टॅप. किटमधला टी-जॉइंट, ज्यावर रेग्युलेटर, बूस्ट गेज आणि ब्लो-ऑफ व्हॉल्व्ह तिघं एकाच ओळीवर लटकले होते, काढून टाकला. ११.६ परत आलं आणि तेव्हापासून हललेलं नाही. वेस्टगेटकडे जाणारी नळीही त्याच निळ्या मालाची होती, तीही बदलली. ती फाटली तर वेस्टगेट उघडतच नाही आणि बूस्ट कुठे थांबेल ते ओव्हरबूस्ट कटच्या हाती.

घ्यावं का? स्वतः लॉग वाचणार असाल तर घ्या, आणि ऑर्डर करतानाच दोन मीटर चांगली होज वेगळी मागवा. गाडी कुणाच्या तरी हवाली करून नुसती चालवणार असाल तर निदान फ्युएल प्रेशर सेन्सर ईसीयूला जोडून घ्या. माझ्या मॅपमध्ये ट्यूनरने आता घातलंय: रेल आणि मॅनिफोल्डमधला फरक २.७ च्या खाली गेला की सोलेनॉइड बंद आणि बूस्ट थेट स्प्रिंगच्या ०.७ वर. पार्किंगमध्ये प्रेशर सेन्सरचा सिग्नल मुद्दाम पाडून तपासलं, सोलेनॉइडची टकटक लगेच थांबली.