२० किलोचा पीव्हीसी डंबेल सेट, ५ महिने वापरून

मागच्या पावसाळ्यात ऑनलाइन मागवला होता, ३ किलोच्या ४ प्लेटा, २ किलोच्या ४, दोन छोटे रॉड आणि नट, साधारण १४०० रुपये पडले.

आधी तक्रार. ३ किलोची प्लेट वाण्याच्या काट्यावर ठेवली तर २ किलो ६८० ग्रॅम भरली, चारातली एकही पूर्ण ३ नाही. एकीच्या कडेतून आतली सिमेंटची भुकटी गळायला लागली. आणि नट! १०-१२ रेप्स (म्हणजे उचल-ठेव) झाले की सैल, सलग रेप्सच्या प्रत्येक फेरीनंतर, म्हणजे प्रत्येक सेटनंतर, आवळत बसायचं, डंबेल डोक्यावर धरलेलं असताना हे खरंच धोक्याचं आहे.

पण फायदा झाला का, तर हो झाला. हाताला १० किलो म्हणजे हलकंच, म्हणून रेप्स वाढवत नेले, प्रेसचे (डंबेल खांद्यापासून डोक्यावर ढकलणं) २५-३० पर्यंत, शेवटचा रेप उचलेचना इथपर्यंत, आणि ५ महिन्यांत शर्टाच्या बाह्या दंडाला घट्ट झाल्या. मग जिममध्ये गेलो, बेंचवर झोपून छातीवरून ढकलायला रॉडला ५० किलो लावले, एकच रेप निघाला तोही थरथरत. एवढे दंड भरलेत आणि ताकद कुठे गेली असं झालं.

२०१५ मध्ये ब्रॅड शोनफेल्ड या अमेरिकी व्यायाम-संशोधकांनी आधीपासून व्यायाम करणाऱ्या १८ तरुणांवर ८ आठवडे हेच तपासलं होतं, काहींना ८-१२ रेप्सचं जड वजन, काहींना २५-३५ रेप्सचं हलकं, दोघांनीही पुढचा रेप निघेचना इथपर्यंत मारायचं. स्नायू जवळपास सारखेच वाढले, पण स्क्वॉटचा (वजन घेऊन बैठक) मॅक्स, म्हणजे एकदाच उचलता येणारं जास्तीत जास्त वजन, जडवाल्यांचा सुमारे २० टक्के वाढला आणि हलक्यावाल्यांचा ९. म्हणजे हलक्यानेही ताकद येते, पण कमी. जड उचलणं हे शरीराला शिकावं लागतं, एका झटक्यात जास्तीत जास्त स्नायूतंतू कामाला लावायची सवय मेंदूला आणि नसांना जड वजनच लावतं. मी पण मग ५-५ रेप्सचे जड सेट धरले, ६ आठवड्यांत ६० चा एक रेप स्वच्छ निघाला.

त्यामुळे अंग कमवायचंय, जिम लांब आहे, तर घ्या बिनधास्त, फक्त शेवटपर्यंत मारा, अर्धवट १५ रेप्सवर सोडून फारसं काही होत नाही. मॅक्स वाढवायचा असेल तर यात पैसे घालू नका, रॉड आणि लोखंडी प्लेटा असतील तिथेच जा. पायांसाठी तर हा सेट घेऊच नका, १० किलो धरून ४० स्क्वॉट मारले तरी माझे पाय काही भरले नाहीत.

५ पैकी ३ स्टार. सेट आता ताईकडे दिलाय, तिला हे वजन बरोबर पुरतं, नट मात्र दुकानातून लोखंडी आणून बदलून दिलेत.