गाडीत जीपीएस यंत्र की जुना फोन? एक उन्हाळा आणि एक पावसाळा काढल्यानंतर

ज्यांना फक्त निकाल हवा आहे त्यांच्यासाठी आधीच लिहितो. गाडीसाठी नवं जीपीएस यंत्र घेऊ नका, आणि रोजचा फोनही त्या कामाला जुंपू नका. कपाटात पडलेला जुना अँड्रॉइड फोन काढा, सिम नसलं तरी चालतं, आणि तो एसी व्हेंटवर लावा. काचेवर नको, डॅशबोर्डवर नको, व्हेंटवरच. पुढे जे लिहिलंय त्यात या व्हेंटबद्दल बरंच आहे, कारण सगळ्यात जास्त फरक मला त्यानेच पडला. पडद्याचा आकार, रॅम, स्पीकर यांवर इतरांनी भरपूर लिहून ठेवलंय.

माझी गाडी जुनी हॅचबॅक आहे. स्टीरिओला पडदा नाही, त्यामुळे फोनचा नकाशा गाडीच्या पडद्यावर दाखवणाऱ्या अँड्रॉइड ऑटो आणि कारप्लेचा प्रश्नच येत नाही, आणि या गाडीत आता नवा पडदा बसवण्यात पैसे घालावेत असं वाटत नाही. आमचं मुख्य जाणं-येणं पुणे ते राजापूर तालुक्यातलं गाव. कराडवरून कोकरूड, मलकापूर, मग अणुस्कुरा घाट उतरून पाचल. मधूनमधून कामासाठी सोलापूर आणि मुंबई.

जुन्या यंत्रावर अन्याय नको म्हणून त्याच्याबद्दल आधी. पाच इंची, रबरी चकतीने काचेला चिकटणारं ते यंत्र मी बरीच वर्षं वापरलं. किल्ली फिरवली की चालू, गाडी बंद केली की बंद. पडदा चकचकीत नसल्यामुळे उन्हातही दिसायचा. ऐन वळणावर कोणाचा फोन येऊन नकाशा झाकला जायचा नाही. नकाशा यंत्राच्याच पोटात असल्यामुळे घाटात रेंज गेली तरी काही अडायचं नाही. यातल्या पहिल्या दोन गोष्टींत फोन आजही त्याच्या जवळ जात नाही.

पण नकाशा म्हातारा झाला. पुण्याच्या चांदणी चौकातला जुना पूल २ ऑक्टोबर २०२२ ला स्फोट करून पाडला, नवा उड्डाणपूल १२ ऑगस्ट २०२३ ला खुला झाला, तरी माझं यंत्र पाडलेल्या पुलाच्याच हिशेबाने वळायला सांगत राहिलं. तिथे आता इतके रॅम्प आहेत की एक चुकला की साताऱ्याऐवजी माणूस मुंबईच्या दिशेला लागतो. अटल सेतू १२ जानेवारी २०२४ ला सुरू झाला. त्या २१.८ किलोमीटरच्या पुलावरून जाताना यंत्रावरचा बाण खाडीच्या निळ्या रंगात सरकत होता आणि 'शक्य असेल तिथे यू-टर्न घ्या' ही सूचना थांबता थांबत नव्हती.

खोक्यावर 'आजीवन मोफत नकाशे' असं ठळक छापलेलं आहे. खोकं घेऊन कंपनीच्या सेवा केंद्रात गेलो.

"सर, हे मॉडेल आता सिस्टिममध्येच दिसत नाही."

"पण खोक्यावर काय लिहिलंय ते वाचा ना तुम्ही."

"ते बरोबर आहे सर, पण या मॉडेलला अपडेट येणं बंद झालंय. एक्स्चेंजमध्ये नवीन घ्या, पाचशे कमी करून देतो."

ईमेल केली, त्याला हेच उत्तर जरा लांबवून आलं. पैसे घ्या पण नकाशा द्या म्हटलं, तरी नाही. पडद्यावर ओरखडा नाही, बॅटरी ठीक, आवाज ठणठणीत, आणि केवळ कंपनीला नकाशा द्यायचा नाही म्हणून वस्तू भंगारात. मला याचा मनापासून राग आहे. ज्या वस्तूचा जीव दुसऱ्याच्या सर्व्हरवर अवलंबून आहे आणि तो दुसरा असा वागतो, तिच्यावर पुन्हा हजारो रुपये घालायचे नाहीत, हे तिथून बाहेर पडतानाच ठरलं.

मग काही दिवस रोजचा फोन काचेवर लावून पाहिला. हा पर्याय सगळे वापरतात, म्हणून थोडक्यात सांगतो. एप्रिलच्या दुपारी सोलापूर रस्त्यावर, इंदापूर ओलांडल्यावर, फोन एवढा तापला की पडदा आपोआप अंधारला आणि चार्जिंग थांबलं. यात फोनचा दोष नाही. पूर्ण उजेडावर चालू असलेला पडदा, सतत चालणारं जीपीएस, वर चार्जिंग, आणि काचेतून येणारं थेट ऊन, हे सगळं तो एकाच वेळी सोसत असतो. ॲपल आपल्या फोनसाठी वापराचं तापमान ० ते ३५ अंश सांगतं. एप्रिलमध्ये काचेजवळ ३५ अंश कुठून येणार? शिवाय चहाला थांबलं की पैसे द्यायला फोन होल्डरमधून काढा, परत आल्यावर पुन्हा लावा, आणि वाकड फाट्यासारख्या ठिकाणी नेमका साहेबांचा फोन.

जुन्या फोनची कल्पना बायकोची. तिचा आधीचा फोन कपाटात होता, सिम काढलेला. सिमशिवाय रस्ता दाखवणार का, ही शंका माझ्यासारखी बऱ्याच जणांना असते, म्हणून नीट सांगतो. जीपीएसचे उपग्रह सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवरून सतत संदेश पाठवत असतात आणि फोन ते फक्त ऐकतो. चार उपग्रह ऐकू आले की जागा ठरते. यात सिमचं, डेटाचं, मोबाइल टॉवरचं काही काम नाही. इंटरनेट लागतं ते नकाशा उतरवायला, वाहतुकीची स्थिती कळायला, आणि आत्ता कोणता उपग्रह कुठे आहे ही माहिती झटकन मिळवायला. या तिसऱ्या गोष्टीकडे सहसा कोणाचं लक्ष जात नाही. इंटरनेट नसेल तर ती माहिती फोनला थेट उपग्रहाकडून घ्यावी लागते, आणि तो संदेश सेकंदाला ५० बिट इतक्या संथपणे येतो. एका उपग्रहाची नेमकी कक्षा कळायला साधारण ३० सेकंद अखंड ऐकावं लागतं, आणि सगळ्या उपग्रहांचं ढोबळ वेळापत्रक पूर्ण यायला साडेबारा मिनिटं. म्हणून महिनाभर पडून असलेला फोन सोसायटीच्या तळघरातल्या पार्किंगमध्ये चालू केला तर तो नुसता गोल फिरवत बसतो. मी घरच्या वायफायवर असतानाच नकाशा उघडून खिडकीत धरतो, निळा ठिपका जागेवर आला की खाली उतरतो. नाहीतर दोन मिनिटं रोजच्या फोनचा हॉटस्पॉट देतो. एकदा जागा पकडली की पाचलपर्यंत पुन्हा बघावं लागत नाही.

जीपीएसटेस्ट नावाचं फुकट ॲप आहे, त्यात कोणते उपग्रह ऐकू येतात ते दिसतं. या फोनला अमेरिकेचं जीपीएस, रशियाचं ग्लोनास, युरोपचं गॅलिलिओ आणि चीनचं बायडू दिसतं. आपलं नाविक दिसत नाही. नाविक सुरुवातीला एल-५ आणि एस या रेडिओ लहरींच्या पट्ट्यांवर होतं, सगळे फोन ऐकतात तो एल-१ पट्टा त्यात मे २०२३ च्या एनव्हीएस-०१ उपग्रहापासून आला. पुढचा फोन घेताना नाविक बघूनच घेईन, पण सध्या त्यावाचून काही अडलेलं नाही.

आता व्हेंट. काचेवर तापणारा फोन एसीच्या झोतासमोर धरला की गार होतो, एवढं साधं आहे, आणि तरी रस्त्यावर दहातल्या आठ गाड्यांत फोन काचेवर दिसतो. आमच्याकडे तोच इंदापूरचा रस्ता, तसंच ऊन, आणि व्हेंटवरचा हा जुना फोन हाताला थंड लागत होता. पडदा शेवटपर्यंत उजळ, चार्जिंग एकदाही तुटलं नाही. एवढ्या स्वस्त उपायाने एवढा फरक पडेल असं वाटलं नव्हतं. त्या दिवशी घरी आल्यावर मी भावाला, शेजाऱ्यांना, ऑफिसात सगळ्यांना सांगत सुटलो.

कोणता व्हेंट, यालाही महत्त्व आहे. आधी मी दाराकडचा उजवा व्हेंट घेतला, कारण तो नजरेच्या जवळ पडतो. पण पुण्याहून कोल्हापूरकडे दुपारनंतर निघालं की गाडी दक्षिणेला चाललेली असते आणि पश्चिमेचं ऊन उजव्या खिडकीतून येतं. परतताना सकाळी निघालं तर गाडी उत्तरेला आणि पूर्वेचं ऊन, तेही उजवीकडूनच. म्हणजे जाता-येता दोन्ही वेळा दाराकडचा व्हेंट उन्हात. मधल्या दोनांपैकी ड्रायव्हरकडचा घेतला आणि प्रश्न मिटला. होल्डर नुसत्या स्प्रिंगच्या चिमट्याचा घेऊ नका, खड्ड्यात पाती खाली लवते आणि फोन पायाशी येतो. मागच्या बाजूला हूक असून स्क्रूने आवळता येतो तो घ्या. ज्यांच्या गाडीत गोल व्हेंट आहेत त्यांना हे होल्डर बसत नाहीत, त्यांनी होल्डर व्हेंटच्या खाली चिकटवून वाऱ्याचा झोत तिकडे वळवावा.

हे मी एप्रिलच्या शेवटी लिहिलं असतं तर पाचपैकी पाच दिले असते. मे महिन्यात एक गुण कमी झाला. ऑफिसच्या उघड्या पार्किंगमध्ये फोन दिवसभर गाडीतच राहायचा, आणि काही आठवड्यांनी त्याची मागची बाजू एका कडेला उचललेली दिसली. बॅटरी फुगली होती. उन्हात उभ्या बंद गाडीत तासाभरात तापमान बाहेरच्यापेक्षा २० अंशांनी सहज वर जातं, आणि जुन्या लिथियम बॅटरीला ते सोसत नाही. फुगलेली बॅटरी दाबू नका, चार्ज करू नका, दुकानात नेऊन काढून घ्या. आम्ही नवी बॅटरी टाकली, आणि आता गाडीतून उतरताना फोन बरोबर घेतो. जुन्या यंत्राइतका बिनघोर हा उपाय नाही, हे मान्य करायला हवं.

पावसाळ्यात दुसरी गोष्ट कळली. एसीने गार झालेला फोन घेऊन मलकापूरला चहाला उतरलो, तर दमट हवेत त्याच्यावर बारीक दव धरलं. पडदा पुसला, पण परत चार्जर लावल्यावर पोर्टमध्ये ओलावा असल्याची सूचना आली आणि चार्जिंग बंद. अर्ध्या तासाने आपोआप सुरू झालं. तेव्हापासून पावसात मी तो एक व्हेंट अर्धा मिटवून ठेवतो आणि थांबायच्या थोडं आधी पूर्ण बंद करतो. मग तसं परत झालं नाही.

नकाशांबद्दल. गूगल मॅप्सचा परिसर निघण्याआधी उतरवून ठेवला की अणुस्कुऱ्यात रेंज नसली तरी रस्ता दिसतो आणि वळण चुकलं तर नवा रस्ताही मिळतो, फक्त वाहतुकीची स्थिती आणि पर्यायी रस्ते मिळत नाहीत. जोडीला ऑर्गॅनिक मॅप्स ठेवलंय. ते ओपनस्ट्रीटमॅपच्या नकाशावर पूर्ण ऑफलाइन चालतं, आणि गावाकडच्या पाऊलवाटासुद्धा त्यात सापडल्या. शहरातल्या उड्डाणपुलांसाठी मात्र हॉटस्पॉट चालू करून मॅपल्स लावतो, कारण त्यात चौकाचं चित्र येतं. उघड्या आभाळाखाली फोनचा जीपीएस साधारण ४.९ मीटरपर्यंत अचूक असतो, असं अमेरिकी सरकार सांगतं. उंचीचा अंदाज त्याहून कच्चा असतो. त्यामुळे आपण पुलावर आहोत की खालच्या सर्व्हिस रोडला, हे कोणत्याही यंत्राला ओळखणं अवघड जातं. गूगलने जुलै २०२४ मध्ये भारतातल्या ४० शहरांसाठी 'उड्डाणपूल घ्या' अशी सूचना आणली, तिचा उपयोग होतो, पण पुण्यात नवले पुलाजवळ मी अजूनही पाटी वाचूनच लेन धरतो.

आणि ऑफलाइन नकाशाला दरड कळत नाही. मलकापूरहून पुढे आंबा घाटाने जायचं की अणुस्कुऱ्याने, हे पावसाळ्यात पेट्रोल पंपावर विचारूनच ठरवतो. नोव्हेंबर २०२४ मध्ये बरेलीजवळ रामगंगेवरचा पुराने तुटलेला पूल नकाशात अखंड दिसत होता, तिथे तिघांचा जीव गेला. रात्री अनोळखी रस्त्यावर समोर एकही गाडी दिसत नसेल तर मी थांबतो, फोन काहीही म्हणो.

कायद्याचं विचारणाऱ्यांसाठी: १ ऑक्टोबर २०२० पासूनच्या नियमदुरुस्तीनुसार फक्त रस्ता पाहण्यासाठी, लक्ष विचलित होणार नाही अशा रीतीने, फोन वापरायला परवानगी आहे. हातात धरून बोलत चालवलं तर धोकादायक ड्रायव्हिंगचं कलम १८४ लागतं आणि दंड १,००० ते ५,००० रुपये आहे. म्हणजे होल्डर हवाच.

खर्च सांगायचा तर होल्डर साडेतीनशे, बॅटरी बदलायला सातशे, आणि सिगारेट लायटरच्या सॉकेटमध्ये बसणारा २.४ अँपिअरचा चार्जर चारशे. चार्जरवर काटकसर करू नका, कारण जुन्या स्टीरिओचा यूएसबी पोर्ट जेमतेम अर्धा अँपिअर देतो आणि त्यावर नकाशा चालू असताना बॅटरी चढण्याऐवजी उतरते. केबल एल आकाराच्या टोकाची आणि मीटरभरापेक्षा लांब नको. सरळ टोकाची लांब केबल मधल्या व्हेंटवरून खाली लोंबते आणि तिसरा गिअर टाकताना हाताला अडकते.